प्रतिपाद्य, साहित्यसमीक्षेतील

साहित्यकृतीचे विश्लेषण करणाऱ्या निबंधात लेखक जे एक मध्यवर्ती विधान मांडतो आणि त्या कृतीतील पुराव्यांच्या आधारे जे सिद्ध करू पाहतो, त्यास 'प्रतिपाद्य' किंवा 'प्रतिपाद्य विधान' असे म्हणतात. प्रतिपाद्य हे निबंधाच्या विषयाहून भिन्न असते. 'बालकवींच्या कवितेतील निसर्ग' हा विषय झाला. तो निसर्ग कसा आहे, तो तसाच का आहे आणि कवितेत त्याने कोणते कार्य साधले आहे, ह्यांविषयी निबंधकाराने वाचनान्ती केलेला निर्णय म्हणजे प्रतिपाद्य होय. विषयाशी कोणाचा मतभेद होऊ शकत नाही. प्रतिपाद्याशी होऊ शकतो. मतभेदाला जागा असणे आणि तरीही कृतीच्या आधारे ते टिकून राहणे, ह्या दोन गोष्टींवर प्रतिपाद्याचे बळ अवलंबून असते.

संज्ञा व पूर्वपरंपरा : इंग्रजीत ह्या अर्थी रूढ असलेला 'थीसिस' हा शब्द मूळ ग्रीक असून 'ठेवणे', 'मांडणे' हा त्याचा धात्वर्थ आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या 'टॉपिक्स' ह्या ग्रंथात, नामवंत तत्त्वज्ञाने मांडलेले परंतु सर्वसामान्य समजुतीच्या विरुद्ध जाणारे मत, अशा अर्थाने तो योजला आहे. पुढे विद्यापीठीय पदवीसाठी सादर करावयाच्या संपूर्ण प्रबंधालाही तेच नाव मिळाले. प्रस्तुत नोंदीत मात्र प्रबंध हा अर्थ अभिप्रेत नसून निबंधाचा आधारभूत निर्णय एवढाच मर्यादित अर्थ अभिप्रेत आहे.

भारतीय शास्त्रपरंपरेत ह्या कल्पनेचा विचार अधिक काटेकोरपणे झालेला आढळतो. न्यायदर्शनानुसार अनुमानवाक्याचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव असतात. 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा आणि 'कारण तेथे धूर आहे' हा हेतू. समीक्षात्मक निबंधातील प्रतिपाद्य हे ह्या प्रतिज्ञेच्या जागी असते आणि कृतीतून काढलेला पुरावा हेतूच्या जागी असतो. जे आधीच सर्वमान्य आहे, तेच पुन्हा सिद्ध करीत बसणे, ह्यास नैयायिक 'सिद्धसाधन' हा दोष मानतात. दुर्बळ प्रतिपाद्याचे ह्याहून नेमके वर्णन करता येणार नाही. त्याचप्रमाणे, जो हेतू साध्याच्या बाजूने आणि त्याच्या विरुद्ध बाजूनेही सारखाच लागू पडतो, त्यास 'सव्यभिचार' हेत्वाभास म्हणतात. कोणत्याही कवितेस लावता येईल असा पुरावा कोणत्याच एका कवितेविषयी काही सिद्ध करीत नाही, हे तत्त्व त्यातून निष्पन्न होते.

मीमांसकांनी एखाद्या प्रश्नाच्या निर्णयासाठी 'अधिकरण' ही रचना सिद्ध केली. तीत विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष अथवा सिद्धान्त आणि संगती अशी पाच अंगे असतात. विषय आणि सिद्धान्त ह्यांच्या मध्ये संशयाला दिलेले स्थान येथे महत्त्वाचे आहे. ज्या वाक्याच्या अर्थाविषयी संशयच उद्‌भवत नाही, त्याचा निर्णय करण्याचे प्रयोजन राहत नाही. साहित्यकृतीच्या बाबतीतही वाचनात कोठेतरी खऱ्या अर्थाने अडखळल्याशिवाय सबळ प्रतिपाद्य हाती येत नाही.

काव्यशास्त्रात ह्या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे नवव्या शतकातील काश्मीरी शास्त्रकार आनंदवर्धन ह्याचा 'ध्वन्यालोक' हा ग्रंथ होय. ध्वनी हा काव्याचा आत्मा आहे, हे आपले प्रतिपाद्य त्याने पहिल्याच कारिकेत सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर ध्वनी मुळात नाहीच असे म्हणणारे, तो लक्षणेत अंतर्भूत होतो असे मानणारे आणि तो शब्दांत सांगता येत नाही असे समजणारे, ह्या तीन प्रतिपक्षांचा निर्देशही त्याच कारिकेत केला आहे. पुढील ग्रंथभर तो ह्या आक्षेपांना उत्तरे देतो. अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त ध्वनीचा अंतर्भाव अनुमानात होतो असे प्रतिपादून आनंदवर्धनाचा पक्ष खोडून काढण्याचा प्रयत्न केला. खंडनास पात्र ठरणे ही प्रतिपाद्याची उणीव नव्हे. त्याने काहीतरी निश्चित सांगितले होते, ह्याची ती खूण आहे.

मराठी समीक्षेतील उदाहरणे : विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) ह्यांच्या 'निबंधमाले'ने (१८७४–८१) मराठी निबंधाला वादक्षम रूप दिले. मोरोपंतांच्या कवितेविषयीचे त्यांचे लेखन हे केवळ कविपरिचय नसून एका विवाद्य प्रश्नाच्या निर्णयासाठी केलेले विवेचन आहे. तथापि एखाद्या ग्रंथाच्या तात्पर्याविषयी एकच विधान घेऊन ते पद्धतशीरपणे सिद्ध करण्याचा मराठीतील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणून लोकमान्य टिळकांच्या (१८५६–१९२०) 'गीतारहस्या'चा उल्लेख करावा लागेल. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र' ह्या त्याच्या पूर्ण नावातच 'अथवा' ह्या शब्दापुढे ग्रंथाचे प्रतिपाद्य आलेले आहे.

ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी टिळकांनी मीमांसकांच्या कसोट्या स्वीकारल्या. उपक्रम व उपसंहार, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ह्या त्या होत. गीतेच्या आरंभी अर्जुन युद्ध नाकारतो आणि अखेरीस तो युद्धास उभा राहतो. तेव्हा मधला उपदेश कर्मत्यागाचा असू शकत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा एक मुख्य धागा आहे. विशेष असे, की हीच लिंगे अद्वैत वेदान्त्यांनीही वेदान्तवाक्यांचे तात्पर्य ठरविण्यासाठी वापरली होती आणि गीतेवरील अद्वैतपर भाष्यांचा निष्कर्ष टिळकांच्या निष्कर्षाच्या नेमका उलट होता. कसोट्या समान असूनही निर्णय भिन्न येऊ शकतात; म्हणून कोणत्या पुराव्यास किती वजन द्यावयाचे, हे निबंधकाराने उघडपणे सांगावे लागते. टिळकांच्या मताशी असहमत असणाऱ्यासही नेमके कोठे असहमत व्हावयाचे, हे त्यांच्या ग्रंथावरून कळते.

बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) ह्यांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) आणि 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथांत संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या सौंदर्याचा विचार मांडला. साहित्याचे मूल्य त्यातील बोधावरून ठरविण्याच्या तत्कालीन सवयीला हा विचार छेद देणारा होता. येथे प्रतिपाद्य एका कृतीपुरते नसून कलाविचाराच्या पातळीवरचे आहे. ह्या पातळीवरील विधानाला अधिक व्यापक पुराव्याची आवश्यकता असते.

ह्याउलट, मर्यादित आणि नेमक्या प्रतिपाद्याचा नमुना इरावती कर्वे (१९०५–७०) ह्यांच्या 'युगान्त' (१९६७) ह्या महाभारतविषयक ग्रंथात आढळतो. युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा काय, असा प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला आहे. युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र मानला जातो. मांडव्य ऋषीच्या शापामुळे धर्मच विदुराच्या रूपाने जन्मास आल्याची कथा महाभारतात आहे. नियोगासाठी दीर योग्य मानला जाई. आणि अरण्यात देह ठेवताना विदुर योगबलाने युधिष्ठिरात प्रविष्ट होतो. हे तपशील महाभारताच्या वाचकांना परिचित होते. त्यांना एकत्र आणणारा प्रश्न नवा होता. महाभारतात तसा स्पष्ट उल्लेख नसल्याने हे विवेचन अनुमानाच्याच पायरीवर राहते. पुराव्याला पेलेल तेवढेच म्हणणे, हाही सबळ प्रतिपाद्याचा गुण होय.

प्रतिपाद्य नव्हे असे : प्रतिपाद्याच्या जागी पुष्कळदा त्याच्यासारखी भासणारी अन्य विधाने येतात. त्यांतील पहिले म्हणजे कथासार. कादंबरीत काय घडते, हे सांगितल्याने ती तशी का घडविली, ह्याचा उलगडा होत नाही. दुसरे म्हणजे गौरव. कृती 'हृदयस्पर्शी', 'अजरामर' किंवा 'अप्रतिम' असल्याचे सांगणे ही वाचकाच्या भावनेची नोंद आहे. तिचे खंडनही करता येत नाही आणि मंडनही. तिसरे म्हणजे वर्गीकरण. कविता भावगीत आहे किंवा तीत अनुप्रास आहे, हे निरीक्षण खरे असले, तरी त्या अनुप्रासाने काय साधले, हे सांगितल्याखेरीज त्याचा निर्णय होत नाही. चौथे म्हणजे बोधवाक्य. 'ह्या कथेवरून सत्याचा विजय होतो हे कळते' अशा विधानाला कथेची गरजच नसते; ते कथा न वाचताही लिहिता येते. चरित्रविषयक माहिती हे पाचवे. कवीच्या आयुष्यातील दुःख हे कवितेतील दुःखाचा पुरावा होऊ शकत नाही. फार तर ते कवितेकडे पाहण्याची एक दिशा सुचवते.

शालेय रसग्रहण : मराठी माध्यमाच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा साहित्यविश्लेषणाशी पहिला संबंध 'रसग्रहण' ह्या प्रश्नप्रकारातून येतो. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हे १९६५ च्या अधिनियमान्वये अस्तित्वात आले. पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या ह्या मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय नवी मुंबईतील वाशी येथे आहे. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. नवी मुंबई हे ठाणे खाडीच्या पूर्वेस, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेले शहर आहे. खाडीकाठच्या जुन्या आगरी-कोळी गावांतील मुले आणि राज्याच्या सर्व भागांतून नव्या वसाहतींत आलेल्या कुटुंबांतील मुले तेथे एकाच प्रश्नपत्रिकेतील एकाच कवितेला सामोरी जातात. त्यांचे अनुभव वेगळे असतात, घरातील बोली वेगळी असते. कवितेतील शब्द मात्र सर्वांसमोर तेच असतात. म्हणूनच त्या शब्दांवर आधारलेले विधान हे ह्या भिन्न वाचकांना परस्परांशी बोलण्याची समान भूमी पुरविते.

रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे रूढ झाले आहेत. नवशिक्या वाचकाचे लक्ष कवितेच्या निरनिराळ्या अंगांकडे वळविण्यास हे मुद्दे उपयुक्त आहेत. मात्र ते शोधाच्या दिशा आहेत, निष्कर्ष नव्हेत. तयार उत्तरांच्या पुस्तिकांमधून ते स्वतंत्र कप्पे म्हणून पाठ केले जातात, तेव्हा तिन्ही कप्प्यांना जोडणारे विधान हरवते. अशा उत्तरातील कवितेचे आणि कवीचे नाव बदलले तरी ते दुसऱ्या कवितेला तसेच्या तसे लागू पडते. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर तेथे पुरावा सव्यभिचार झालेला असतो. आय. ए. रिचर्ड्‌स ह्यांनी केंब्रिज येथे विद्यार्थ्यांना कवीची नावे वगळून कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांचे विश्लेषण 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) ह्या ग्रंथात केले. समोरची कविता बाजूला राहून वाचकाच्या मनातील ठरीव प्रतिक्रियाच तिची जागा घेतात, असे त्यांना आढळले. तेव्हा ही अडचण केवळ मराठीची किंवा केवळ शाळेची नाही.

एक उदाहरण : बालकवी ऊर्फ त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) ह्यांची 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता घेतल्यास प्रतिपाद्य कसे घडत जाते, हे पाहता येते. दोन्ही तीरांवर हिरवळ घेऊन झरा वाहतो. पलीकडे टेकडीजवळ एक लहानसे गाव आणि त्यापुढे शेतमळे आहेत. त्यांतून एक पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे जाते. डोहाचे पाणी झाकोळले आहे आणि त्यात पाय सोडून औदुंबर बसला आहे. एवढेच तिचे चित्र. ह्या कवितेचे परस्परभिन्न अर्थ अनेक समीक्षकांनी लावलेले आहेत.

'औदुंबर ही बालकवींची एक प्रसिद्ध निसर्गकविता आहे' हे विधान सिद्धसाधन होय. 'ही कविता अत्यंत सुंदर आहे' ही अभिरुचीची नोंद झाली. 'ही कविता मृत्यूविषयी आहे' हे विधान विवाद्य आहे, म्हणून आधीच्या दोहोंपेक्षा बरे. परंतु कवितेत मृत्यूचा निर्देश नाही आणि चित्रापासून ह्या निष्कर्षापर्यंतची पायरी विधानाने दाखविलेली नाही.

सबळ विधानाकडे जाण्यासाठी प्रथम संशय नोंदवावा लागतो. चित्र प्रसन्न वाटत असताना कविता वाचून झाल्यावर मन गंभीर का होते, हा येथील संशय होय. त्याचे उत्तर शोधू लागल्यावर काही गोष्टी नजरेस येतात. झरा वाहतो, वाट चालते, तर शेवटी झाड बसलेले आहे. गतीकडून स्थिरतेकडे हा क्रम आहे. आरंभी हिरव्या रंगाचे प्राबल्य आहे, तर अखेरीस काळ्याचे. गाव आणि वाट ह्या माणसाच्या खुणा आहेत, पण माणूस कोठेही दिसत नाही. पाण्यात पाय सोडून बसण्याची माणसाची लकब मात्र झाडाला दिलेली आहे. शीर्षकात असलेला औदुंबर कवितेत अगदी शेवटच्या शब्दात अवतरतो. ह्यांवरून असे प्रतिपाद्य मांडता येते : कवितेतील गंभीरता कवीने कोठेही सांगितलेली नाही, गतीकडून स्थिरतेकडे आणि हिरव्याकडून काळ्याकडे जाणाऱ्या चित्रांच्या क्रमातून ती निर्माण झाली आहे.

ह्यानंतर पूर्वपक्षाचा विचार करावा लागतो. झऱ्याच्या पाण्याला आरंभीच सावळी छटा आहे, तेव्हा काळोखी अखेरीस येते असे म्हणणे पूर्णपणे खरे नाही. शिवाय डोहावरच्या काळिम्याला कवीने गोडव्याचे विशेषण दिले आहे. ते विषादाच्या विरुद्ध जाते. हे आक्षेप दडपून टाकल्यास प्रतिपाद्य दुबळे होते. स्वीकारल्यास ते अधिक नेमके होते. काळोखी पहिल्या ओळींपासूनच सौम्य रूपात उपस्थित आहे आणि अखेरीस ती दाटते. परंतु तिला गोडवा दिल्यामुळे गंभीरतेचे पर्यवसान शोकात न होता निश्चल शांततेत होते, असे सुधारलेले विधान मूळ विधानापेक्षा कवितेच्या अधिक जवळ जाते. त्याच्याशी अजूनही मतभेद होऊ शकतो. निव्वळ निसर्गचित्र मानणाऱ्या वाचकाला मात्र आता ह्या क्रमाचा आणि त्या विशेषणाचा वेगळा उलगडा करून दाखवावा लागतो. आशय, काव्यगुण आणि भाषा हे रसग्रहणाचे तिन्ही मुद्दे येथे आले आहेत. फक्त ते एका निर्णयाचे आधार म्हणून आले आहेत.

निबंधातील स्थान व मांडणी : प्रतिपाद्य सामान्यतः निबंधाच्या आरंभीच्या परिच्छेदात, संशयाच्या निर्देशानंतर येते. ते निबंधाच्या आरंभी वाचले जात असले, तरी बहुधा लेखनाच्या अखेरीस पक्के होते. पहिला खर्डा लिहिताना पुराव्याने त्याला जी वळणे दिलेली असतात, ती ध्यानात घेऊन ते पुन्हा लिहावे लागते. निबंधातील प्रत्येक परिच्छेदाने त्याचा एखादा अंश सिद्ध करावा, अशी अपेक्षा असते; जो परिच्छेद काढून टाकल्याने प्रतिपाद्याला काहीच उणेपण येत नाही, तो अनावश्यक समजावा. निगमनात प्रतिपाद्याची शब्दशः पुनरुक्ती होत नाही. पुरावा पाहून झाल्यावर त्याचा जो अर्थ अधिक स्पष्ट झाला, तो तेथे सांगितला जातो.

भाषेच्या दृष्टीने प्रतिपाद्य एक किंवा दोन वाक्यांत मावावे. 'अनेक प्रकारे', 'विविध पैलू', 'कुठेतरी' अशी मोघम पदे त्याला दुर्बळ करतात, तर 'सदैव', 'केवळ', 'एकमेव' ही पदे त्याच्यावर पेलणार नाही एवढा भार टाकतात. 'जरी... तरी' अथवा 'असूनही' ह्या रचनांमुळे पूर्वपक्षाला विधानातच जागा देता येते, म्हणून त्या उपयुक्त ठरतात. कृतीत काय आहे, ते कसे घडले आहे आणि त्यामुळे काय निष्पन्न होते, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे विधानात आली आहेत काय, हे लेखकाने तपासावे. त्याचबरोबर विधान दुसऱ्या एखाद्या कृतीला लावून पाहावे. ते तेथेही तसेच लागू पडले, तर प्रस्तुत कृतीविषयी अजून काही सांगितले गेलेले नाही, असे समजावे.

मर्यादा : प्रतिपाद्याच्या आग्रहाविषयी आक्षेपही घेण्यात आले आहेत. समर्थ कलाकृती एका विधानात सामावत नाही आणि तसा प्रयत्न केल्यास तिच्यातील अनेकार्थता नष्ट होते, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. अमेरिकन समीक्षक क्लीन्थ ब्रुक्स ह्यांनी 'द वेल रॉट अर्न' (१९४७) ह्या ग्रंथात कवितेच्या गद्य सारांशालाच कविता मानण्याच्या वृत्तीवर टीका केली आहे. हा आक्षेप कृतीऐवजी तिचे सार देणाऱ्या विधानांना लागू पडतो. प्रतिपाद्य हे कृतीचे सार नसते. ते कृतीविषयीचे, एका वाचकाने एका प्रश्नापुरते दिलेले उत्तर असते. त्याने कृती संपत नाही. दुसरा धोका अधिक वास्तव आहे : आधी ठरविलेल्या सिद्धान्ताला अनुकूल तेवढाच भाग निवडून प्रतिकूल भागाकडे डोळेझाक करणे. मानसशास्त्रीय, सामाजिक किंवा अन्य कोणतीही उपपत्ती कृतीवर लादली, की निबंध त्या उपपत्तीचे उदाहरण होऊन बसतो. आस्वादक समीक्षेत वाचकाच्या अनुभवाचे सूक्ष्म कथन हेच उद्दिष्ट असते आणि तेथे औपचारिक प्रतिपाद्य क्वचितच आढळते. तथापि उत्तम आस्वादक लेखनातही कृतीतील नेमक्या कोणत्या गोष्टीने तो अनुभव दिला, ह्याचा निर्णय अनुस्यूत असतोच.

प्रतिपाद्यामुळे वाचकाची खाजगी प्रतीती इतरांच्या तपासणीसाठी खुली होते. मत बदलण्यास वाव राहतो, कारण ते कशावर उभे आहे हे दिसत असते. ज्या शिक्षणपद्धतीत विद्यार्थ्याला स्वतःचा संशय नोंदविण्याची आणि त्याचा निर्णय पुराव्याने करण्याची सवय लागते, तीत साहित्याचा अभ्यास पाठांतरापासून दूर जाऊन विचाराच्या शिस्तीत रूपांतरित होतो.